पावसाच्या निबंधात टँकर आला: लिहू पाहणाऱ्या मुलांसाठी आपण काय करावं?

माणगंगा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळत होतं, आज बसून लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी आटपाडी तालुक्यातल्या एका गावात वाचनालय सांभाळते. 'क' वर्गाचं, दोन खोल्यांचं. बालविभाग म्हणजे एक लोखंडी कपाट आणि एक सतरंजी. गेल्या जूनपासून शनिवारी सकाळची शाळा सुटली की काही मुलं डबा घेऊन इथंच येतात आणि दोन वाजेपर्यंत लिहितात. सहा होती, आता चौदा झालीत. पाचवी ते दहावी.

जुलैत सातवीतली एक मुलगी शाळेची निबंधवही घेऊन आली, काही न बोलता माझ्या टेबलावर उघडी ठेवली आणि सतरंजीवर जाऊन बसली. विषय होता 'पावसाळ्यातील एक दिवस'. तिनं लिहिलेलं तिला विचारून इथं देतेय:

"आमच्याकडं पाऊस येत न्हाई, टँकर येतो. आज्जीला लांबनंच कळतंय, भरल्याला हाय का रिकामा. भरल्याला टँकर चढाला कण्हतो. रिकामा खिदळत येतो. मग आज्जी घागर परत पालथी घालती."

खाली लाल शाईत 'विषयाला सोडून. मुद्द्यांनुसार लिहिणे.' 'न्हाई', 'हाय', 'भरल्याला' या शब्दांना गोल. दहापैकी तीन.

ज्या बाईंनी वही तपासली त्यांच्याबद्दल मनात राग नाही. साठ वह्या, वर पोर्शन पुरा करायची घाई, आणि परीक्षेत मुद्देच विचारतात. मला लागलं ते पुढचं. पुढच्या निबंधात तिनं गाईडमधला मोर आणला. मोर थुईथुई नाचला, दहापैकी आठ मिळाले. त्यानंतर ती तीन शनिवार आलीच नाही.

आमचा तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जातो, पण याच मातीतले तिघं मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९७३ ला यवतमाळला गदिमा, १९८३ ला अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर आणि लगेच १९८४ ला जळगावला शंकरराव खरात. व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९ साली आलं तेव्हा ते बाविशीत होते. त्या पुस्तकातली माणसं बोलतात ती भाषा आणि या मुलीच्या वहीतली भाषा एकच आहे. पुस्तकात ती आपण गौरवतो आणि वहीत तिला गोल पडतात. हे मला सहन होत नाही, म्हणून हा धागा.

शनिवारी मी काय करते तेही सांगते. कोणाच्याही वहीत पेन चालवत नाही. मूल वाचून दाखवतं, बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्यानं 'छान' म्हणायचं नाही आणि 'चुकलं' म्हणायचं नाही. जे कळलं नाही किंवा आणखी ऐकावंसं वाटलं, ते विचारायचं. सहावीतल्या एका मुलानं लिहिलं होतं, 'आमची शेळी मेली. मला खूप वाईट वाटले.' संपलं. एका मुलीनं विचारलं, "मेल्यावर तिचं दावं कुणी सोडलं?" तो गप्प झाला. मग खाली बसून त्यानं दीड पान लिहिलं. दावं त्यानंच सोडलं होतं. गाठ ओली होती म्हणून सुटत नव्हती.

माझं ठाम मत असं झालंय की लिहिणाऱ्या मुलाला आधी वाचक मिळाला पाहिजे, परीक्षक नंतर. पण मी शिक्षिका नाही, लेखिकाही नाही, त्यामुळे अडते. शुद्धलेखनाचं काय करायचं, आणि कधी? स्पर्धा घ्यायच्या का? नववी-दहावीत गेली की मुलं गळतात, त्यांना कसं धरून ठेवायचं? आणि 'काहीच सुचत नाही' म्हणून पेन चावत बसलेल्या मुलाला काय द्यायचं?

ज्यांनी मुलांबरोबर असं काही केलंय किंवा लहानपणी ज्यांच्याबरोबर कुणी केलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रानजाई

वाचतेय. 'खिदळत येतो' वर अडकून पडले.

प्रूफवाचक

माणगंगाताई, छापखान्यात आणि प्रकाशकांकडे मिळून तीस वर्षं मुद्रितं तपासलीत, त्यामुळे शुद्धलेखनाच्या प्रश्नावर बोलायचा थोडा अधिकार आहे असं मानतो.

पहिली गोष्ट, बोली आणि अशुद्ध लेखन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लाल शाई त्या एकच समजते. तुमच्या मुलीनं 'न्हाई' लिहिलं ती चूक नाही, तो तिच्या घरातला उच्चार आहे. तिनं 'पाणी' ऐवजी 'पानी' लिहिलं असतं तर आधी विचारावं लागलं असतं, की घरात तसंच बोलतात का. तिनं 'टँकर' वरचं चंद्रबिंदू विसरलं असतं तर ती चूक. ती दाखवावी, पण निराळ्या दिवशी.

दुसरी गोष्ट फार कमी शिक्षकांना ठाऊक असते. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या लेखनविषयक नियमांच्या आधारे हे गोल पडतात, त्या नियमांतच एक नियम असा आहे की पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा असेल तेव्हा ती उच्चाराप्रमाणे लिहावी. म्हणजे नियमावलीनं बोलीसाठी दार उघडं ठेवलंय. निवेदकच बोलीत बोलत असेल, तर तो निवेदकही पात्रच आहे. तुमच्या मुलीच्या परिच्छेदात बोलतेय ती सातवीतली माणदेशी मुलगी. तिच्या तोंडी 'आमच्याकडे पाऊस येत नाही' हे वाक्य घातलं तर व्याकरण सुधारेल आणि मुलगी निघून जाईल.

मात्र एका बाबतीत मी थोडा कडक आहे. शुद्धलेखन शिकवायचंच नाही, मुलांना 'मोकळं' सोडायचं, हे मला पटत नाही. प्रमाण मराठी त्या मुलीला आली पाहिजे, कारण उद्या तिचा अर्ज, तिचं पत्र, तिची बातमी कोणीतरी त्यावरूनच जोखणार आहे. ते हत्यार तिच्या हातात असलं पाहिजे. फक्त क्रम असा असावा: पहिला खर्डा कसाही, त्यावर गप्पा, दुसरा खर्डा, आणि जेव्हा लेखन चार लोकांपुढे जाणार असेल तेव्हा मुलानं आणि मोठ्यानं शेजारी बसून शेवटची तपासणी. पेन्सिलीनं, लाल पेनानं नाही. मी आयुष्यभर लेखकांच्या मुद्रितांवर खुणा केल्या. एकानंही कधी अपमान मानला नाही, कारण त्यांना माहीत असायचं की हे छापायला चाललंय. मुलाला दुरुस्ती अपमानाची वाटते, कारण त्याचं लेखन कुठंच चाललेलं नसतं.

मेहरूणची_बोर

प्रूफवाचककाकांशी सहमत.

मी जळगावची. तुमच्या तालुक्याचं वाचून आमच्या जिल्ह्याचं आठवलं. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथं सतरा वर्षांच्या एका मुलानं कविता म्हटली आणि अध्यक्षस्थानी असलेल्या डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नाव मग मागंच पडलं. जाणत्या माणसांनी पोरगेल्या मुलाला व्यासपीठावर उभं केलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे मला बिरुदापेक्षाही मोठं वाटतं.

दुसरं अमळनेरचं. साने गुरुजी तिथं शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळायचे. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढायचे. मग १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. मला यातलं 'दैनिक' महत्त्वाचं वाटतं. आपण मुलांचं लेखन वर्षातून एकदा वार्षिकांकात छापतो, तेही निवडक चार हुशार मुलांचं. रोज किंवा आठवड्याला काहीतरी भिंतीवर लागत असेल तर मुलाला कळतं की आज फसलं तरी पुढच्या शनिवारी पुन्हा संधी आहे.

आणि तिसरं बहिणाबाईंचं, ते तर सगळ्यांना ठाऊकच आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव यांनी आणि त्यांच्या मावसभावानं ती गाणी टिपून ठेवली नसती तर १९५१ साली त्या गेल्या तेव्हा ओव्याही त्यांच्याबरोबर गेल्या असत्या. पुस्तक आलं १९५२ मध्ये. मी माझ्या अंगणवाडीच्या कामात हेच करते. मूल सांगतं, मी शब्द न बदलता लिहून घेते, मग त्यालाच वाचून दाखवते. चार वर्षांचं मूल आपलंच वाक्य कागदावरून परत ऐकतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. ज्यांचा हात अजून लिहायला वळत नाही त्यांच्यासाठी, ताई, तुम्हीही लेखनिक व्हा.

कोरी_पाटी

मेहरूणची_बोर, हे अगदी खरं. मी मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मुलांच्या घरी कोरकू. पहिलीत मी त्यांचं कोरकू वाक्य देवनागरीत फळ्यावर लिहितो, खाली मराठी. 'सर, तुम्ही चुकीचं लिहिलं' असं मला पहिलीतली मुलं सांगतात, कारण कोरकूत ती माझ्यापेक्षा हुशार आहेत. माझं चुकलं आणि त्यांनी सुधारलं, यानं वर्गात जो फरक पडला तो कुठल्याच प्रशिक्षणानं पडला नव्हता.

गोष्टवेल्हाळ

'सुचत नाही' या प्रश्नावर सांगतो. गेली नऊ वर्षं नाशिक परिसरात शाळांमधून गोष्टी-लेखनाचे तास घेतोय.

इटलीत जान्नी रोदारी नावाचे मुलांचे लेखक होते. १९७० साली त्यांना हान्स अँडरसन पारितोषिक मिळालं. १९७२ मध्ये रेज्जो एमिलिया या गावात ते शिक्षकांबरोबर काही दिवस बसले आणि मुलांना गोष्ट कशी सुचते यावर बोलले. त्यातून पुढच्या वर्षी पुस्तक झालं. त्यांची एक युक्ती मी शेकडो वेळा वापरलीय. एका मुलानं फळ्याच्या एका बाजूला कुठलाही शब्द लिहायचा, दुसऱ्यानं पलीकडच्या बाजूला, एकमेकांचा न बघता. शब्द जितके एकमेकांपासून लांबचे तितकी गोष्ट चांगली. त्यांचं उदाहरण होतं 'कुत्रा' आणि 'कपाट'. मग या दोघांना जोडायचं.

इथं मराठीत एक गंमत आहे जी मला पहिल्याच तासाला सापडली. इटालियनमध्ये जोडायला निराळे छोटे शब्द लागतात. आपल्याकडे हे काम विभक्ती करते. कुत्र्याचं कपाट. कपाटातला कुत्रा. कपाटाला कुत्रा. कुत्र्यानं कपाट. कपाटाहून कुत्रा! मुलं जे 'स-ला-ते, स-ला-ना-ते' सुरात घोकतात आणि पेपरात ओकतात, त्या प्रत्येक प्रत्ययात एकेक गोष्ट दडलीय. 'कपाटातला कुत्रा' ही भीतीची गोष्ट होते. 'कुत्र्याचं कपाट' म्हटलं की लगेच कोणीतरी विचारतं, त्यात तो काय ठेवतो? एका मुलीनं सांगितलं, मेलेल्या मालकाची चप्पल. पंचमीपाशी मुलं अडतात. 'कपाटाहून कुत्रा' म्हणजे काय? मग एक मुलगा म्हणाला, 'कपाटाहून मोठा कुत्रा', आणि सगळा वर्ग सुसाट सुटला. त्या दिवसानंतर त्या वर्गाला पंचमी पुन्हा शिकवावी लागली नाही.

नियम एकच पाळा. पहिला शब्द मोठ्या माणसानं द्यायचा नाही. आपण दिला की आपण चांगलासा देतो, चंद्र, फुलपाखरू, इंद्रधनुष्य. मुलं देतात ते पंक्चर, विळा, इन्व्हर्टर, मावशी.

आणि 'मी पंतप्रधान झालो तर', 'पेन्सिलीचे आत्मवृत्त' हे विषय काही वर्षं बाजूला ठेवा, अशी कळकळीची विनंती. मूळ कल्पना वाईट नव्हती, पण त्यांची उत्तरं गाईडांत इतकी वर्षं छापली गेलीत की मुलाच्या डोक्यात विषय येण्याआधी उत्तर येतं.

एक_बाबा

मी इथं फक्त वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय.

माझा मुलगा आठवीत होता तेव्हा एका वहीत काहीतरी लिहायचा. मी ती वही तो शाळेत गेल्यावर वाचली. वाईट हेतू नव्हता. गोष्ट होती, एका मुलाचा बाबा घरात कोणाशीच बोलत नाही अशी. मी रात्री जेवताना त्याचं कौतुक केलं, वर नातेवाइकांच्या ग्रुपवर एक पान फोटो काढून टाकलं. मला खरंच अभिमान वाटला होता. त्यानं ती वही पुन्हा उघडली नाही. आज तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी दोनदा माफी मागितली. तो 'ठीक आहे बाबा' म्हणतो.

माणगंगाताई, तुम्ही 'तिला विचारून इथं देतेय' असं लिहिलंत, ते वाक्य वाचून मी हे लिहायला बसलो. वाचक हवा हे मान्य. पण तो कोण असेल आणि कधी, हे मुलानं ठरवू द्या. घरात एक ड्रॉवर, एक कुलूप त्याच्या हक्काचं असू द्या. पालकांना एवढं सांगा.

रानजाई

एक_बाबा, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. त्यालाही कधीतरी हा धागा दाखवा, त्यानं विचारलं तर.

गवतफूल

मी अकरावी सायन्स, लातूर. नीटचे क्लासेस आहेत त्यामुळे पटकन लिहिते.

गळती का होते ते मी सांगू शकते कारण मी गळलेली आहे. दहावीच्या वर्षी घरी ठरलं की 'आता हे एक वर्ष बंद'. मग अकरावी-बारावी 'फक्त दोन वर्षं'. कोणी रागावत नाही, सगळे प्रेमानंच सांगतात. मी रात्री अकरानंतर मोबाईलच्या नोट्समध्ये लिहिते. लाईट बंद ठेवून.

गेल्या वर्षी प्रतिलिपी या लिहिण्या-वाचण्याच्या ॲपवर एक गोष्ट भागाभागांत टाकली होती. एका हॉस्टेलमधल्या मुलीची, जी पत्रं लिहिते पण पोस्ट करत नाही. सुरुवातीला अकरा जणांनी वाचली. प्रत्येक भागाखाली कोणीतरी 'पुढचा भाग कधी' विचारायचं. ते अकरा लोक मला माझ्या वर्गापेक्षा जवळचे वाटायला लागले. मग वाचक वाढले आणि सगळे म्हणायला लागले की त्या मुलीला बॉयफ्रेंड हवा. मी सातव्या भागात एक मुलगा आणला. वाचक खूप वाढले. पण ती गोष्ट माझी राहिली नाही, मी ती अर्धीच सोडली. म्हणून वाचक हवा हे बरोबर आहे, पण खूप वाचक एकदम आले तर सोळाव्या वर्षी सांभाळता येत नाही. मला दोन-तीनच हवे होते, जे त्या पत्रांबद्दल विचारतील.

आणि प्लीज, मोठ्या माणसांनी 'छान लिहितेस, आता अभ्यासाकडे लक्ष दे' असं एकाच वाक्यात म्हणू नका. दुसरा अर्धा भागच ऐकू येतो.

नववी-दहावीच्या मुलांना आठवड्याला या म्हणू नका, महिन्यातून एकदा या म्हणा. तेवढं घरून मिळतं.

प्रूफवाचक

गवतफूल, पत्रं लिहून पोस्ट न करणाऱ्या मुलीचं पुढे काय झालं हे मला जाणून घ्यायचंय. घाई नाही. नीटची परीक्षा झाल्यावर सांगितलंस तरी चालेल. ती पत्रं ती ठेवते कुठे?

गवतफूल

उशीच्या अभ्र्यात. रेक्टर उशा मोजतात, अभ्रे उघडत नाहीत.

तिसरी_घंटा

स्पर्धांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, मांडतो.

मी जो काही लिहायला शिकलो तो पुरुषोत्तम करंडकामुळे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेतं. मराठी नाटक-सिनेमात आज लिहिणारे कितीतरी लोक तिथून आले. आम्ही एकदाही जिंकलो नाही. पण स्पर्धेचा एक गुण कबूल करायला हवा: तारीख असते. ऑगस्ट आला की संहिता संपवावीच लागते. सतरा-अठराव्या वर्षी माणूस सुरू खूप गोष्टी करतो, संपवत काहीच नाही. शेवट लिहायला लागणं हे निराळंच शिक्षण आहे, ते तारखेशिवाय होत नाही.

दुसरं म्हणजे तालीम. मी कोपऱ्यात बसायचो आणि माझं वाक्य दुसराच कोणीतरी म्हणायचा. त्याची जीभ जिथं अडायची तिथं मी पेन्सिलीनं टिंब करायचो. दहापैकी नऊ वेळा चूक जिभेची नसायची, माझ्या वाक्याची असायची. तेव्हा माझी सूचना अशी: शनिवारी लिहिणाऱ्यानं स्वतः वाचू नये. दुसऱ्या मुलाला वाचायला द्यावं आणि लिहिणाऱ्यानं गप्प ऐकावं. 'म्हणजे मला म्हणायचं होतं की' हे सांगायची सोय राहत नाही.

निळी_खिडकी

तारखेला +१. पहिला-दुसरा-तिसरा नंबर मात्र नको. आमच्या गल्लीत गणपतीत निबंधस्पर्धा असायची. मी सलग तीन वर्षं दुसरी आले आणि 'दुसरी येणारी' म्हणूनच लिहीत राहिले, पहिलीचं बघून.

राईनकाठ

आम्ही ड्युसेलडॉर्फला असतो. मुलगी दहा वर्षांची. मराठी बोलते, लिहिताना मध्येच जर्मन शब्द येतात, कधी अख्खं वाक्य. रविवारच्या मराठी वर्गात ते खोडायला सांगतात, आणि मग तिचं पान रिकामं होतं. इथलं वाचून ठरवलंय की या आठवड्यापासून खोडायचं नाही. आजीला व्हिडिओ कॉलवर ती वाचून दाखवेल. आजी विचारेल, या शब्दाला आपल्यात काय म्हणतात? मराठी शब्दाची खरी गरज तेव्हा पडेल.

माणगंगा

इतकं भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, काय म्हणू. गेल्या तीन शनिवारांचा वृत्तान्त देते.

गोष्टवेल्हाळांची विभक्तीची युक्ती केली. शब्द आले 'टोमॅटो' आणि 'पोलीस पाटील'. दीड तास हसणं थांबलं नाही, पण 'पोलीस पाटलाहून टोमॅटो' मधून आठवीतल्या एका मुलानं जी गोष्ट लिहिली ती गेल्या वर्षी भाव पडल्यावर त्याच्या वडिलांनी रस्त्यावर ओतलेल्या टोमॅटोची आहे. पंचनामा करायला आलेल्या माणसापेक्षा टोमॅटोला जास्त कळतं, असं त्यात आहे. त्यानं वाचून झाल्यावर कोणी हसलं नाही.

तिसरी_घंटा, तुमचं 'दुसऱ्यानं वाचायचं' हे मुलांना सुरुवातीला आवडलं नाही. आता तेच मागतात. टिंब करायची पेन्सिल मी ठेवलीय.

तारीख ठरवली. नंबर नाहीत, पण हस्तलिखित अंक काढायचा, ज्यानं लिहिलं त्या प्रत्येकाचं किमान एक पान. प्रूफवाचककाकांनी सांगितला तोच क्रम: अंकात जाणार म्हटल्यावर मुलं स्वतःहून विचारायला लागली, 'ऱ्हस्व का दीर्घ?' दहावीच्या तिघी महिन्यातून एकदा यायला लागल्यात, गवतफूलमुळे. आणि प्रत्येकाला एक मोठं पाकीट दिलंय, ज्यातलं मी विचारल्याशिवाय बघणार नाही. एक_बाबा, ते तुमच्यामुळे.

मोठ्यांसाठी काही योजना आहेत का, असं इथल्या कॉलेजातल्या एका मुलानं विचारलंय. कोणाला माहिती असल्यास सांगा.

प्रूफवाचक

आहेत. पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. केंद्राची 'पंतप्रधान युवा' योजना २०२१ मध्ये सुरू झाली, तीस वर्षांखालच्या लेखकांसाठी. राष्ट्रीय पुस्तक न्यास ती राबवतो. त्यात निवडलेल्या ७५ लेखकांना सहा महिने दरमहा ५०,००० रुपये आणि मार्गदर्शक असं स्वरूप होतं. नव्या फेरीच्या अटी अर्जाआधी नीट वाचायला सांगा. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तीस वर्षांपर्यंत असतो, पण तो पुस्तक आल्यानंतरचा. लहान मुलांसाठी बालभारतीचं 'किशोर' आहेच, १९७१ पासूनचं. जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. ते शनिवारी मोबाईलवर उघडून द्या.

पण एक पाहिलंय ते सांगतो. पंचविशीतली मुलं हस्तलिखित घेऊन येतात आणि विचारतात, 'छापण्यालायक आहे का?' मी विचारतो, तुझ्याआधी कोणी वाचलं? बहुतेकांचं उत्तर 'कोणीच नाही' असतं. योजना चांगल्या आहेत, पण त्या दारापर्यंत पोचेस्तोवर दहा वर्षं कोणीतरी वाचत असावं लागतं. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ ला आला तेव्हा ते तेवीस वर्षांचे, आणि प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. गंगाधर पंतावणे सरांच्या 'अस्मितादर्श' नियतकालिकानं तर दलित लेखकांच्या एका अख्ख्या पिढीचं वाचलं, छापलं. त्या लेखकांचा गुण त्यांचाच. पण समोर वाचणारं कोणीतरी होतं.

माणगंगा

अंक निघाला.

बत्तीस पानं, दोऱ्यानं शिवलेली, पुठ्ठ्याचं वेष्टन. मी तो वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत रीतसर चढवला, दाखल क्रमांक टाकला, शिक्का मारला. कपाटात माडगूळकरांच्या शेजारी ठेवला. मुलं शिक्क्याकडे कितीतरी वेळ बघत होती.

टँकरवाला परिच्छेद त्यात आहे. तिनं तो वाढवून अडीच पानं केला आणि एकही 'न्हाई' बदलला नाही. 'टँकर' वरचं चंद्रबिंदू मात्र तीनदा तपासून घेतलं.

अंक पहिल्यांदा नेला तो फाट्यावरच्या गॅरेजवाल्यानं. सभासद आहे, एरवी रहस्यकथा नेतो. चार दिवसांनी परत केला तेव्हा टँकरच्या पानावर समासात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'भरलेला टँकर कण्हत नाही. दुसरा गिअर टाकला की गुरगुरतो. कण्हतो तो ज्याचा क्लच गेलाय तो. येऊन ऐक.'

वाचनालयाच्या पुस्तकात लिहायची मनाई आहे, पण मी काही बोलले नाही. पान तिला दाखवलं. तिनं तीनदा वाचलं. मग म्हणाली, "आज्जीला इचारते."

आज शनिवार. ती आज सतरंजीवर नाही, वही घेऊन गॅरेजवर गेलीय. आज्जीही बरोबर गेलीय. आज्जीचं म्हणणं, गॅरेजवाला चुकतोय.